एक फाइल शिल्लक. कुठली, ते विचारू नका!

"सिंक होत आहे. १ फाइल शिल्लक."

अरे, कुठली? नाव सांग की! आमचं सिंक सॉफ्टवेअर, म्हणजे एकच फाइल ढगातून सगळ्यांच्या संगणकांवर सारखी ठेवणारं, सकाळपासून खाली कोपऱ्यात निळं चक्र गरगर फिरवतंय. आमच्या फोल्डरात हजारो फायली. त्यातली नेमकी कुठली अडकलीय हे या पठ्ठ्याला पक्कं ठाऊक आहे, नाहीतर 'एक' हा आकडा त्याने आणला कुठून? पण सांगायचं नाही. क्लिक केलं की म्हणतो, "काहीतरी चुकलं. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा." काहीतरी! वर्षाचे पैसे आगाऊ मोजून घेताना 'काहीतरी द्या' म्हणत नाही तो. तेव्हा जीएसटीसकट पैशापैशाचा हिशेब असतो.

मी डीटीपी करते, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावते. गणपती उठले की दिवाळी अंकांची धांदल, म्हणजे ज्या दिवसांत या सॉफ्टवेअरने गप गुमान काम करावं तेच हे दिवस. आणि याला रुसवेफुगवे तेव्हाच सुचतात.

ती अडकलेली फाइल शेवटी मीच शोधली, एकेक फोल्डर उघडून, कुठल्या आयकॉनवर हिरवी टिक नाही ते बघत. एका लेखाचं शीर्षक होतं 'आता पुढे काय?' आमच्या चित्रकाराने मॅकवर त्याच नावाने चित्र सेव्ह केलं, प्रश्नचिन्हासकट. मॅकला ते चालतं. विंडोजला फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, तारका चालत नाही, विसर्गासारखा दिसणारा तो कोलनही चालत नाही. झालं, बसलं अडून. आता हा नियम काही काल निघालेला नाही, विंडोजच्या जन्मापासूनचा आहे. मग "या नावात प्रश्नचिन्ह आहे, ते काढा" एवढं एक वाक्य लिहायला यांच्या बापाचं काय जातं?

तसंच ते २६० अक्षरांचं. विंडोजमध्ये ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंतचा सगळा पत्ता मिळून २६० अक्षरांच्या आत बसावा लागतो, निदान जुन्या पद्धतीने चालणाऱ्या प्रोग्रॅमांना. आणि आमच्याकडे फोल्डर असतात 'अंतिम', त्यात 'अंतिम नवीन', त्यात 'संपादकांनी पाहिलेले अंतिम'. (हसू नका, तुमच्याकडेही असेच असणार.) त्याच्या वर सिंकवाल्यांचा स्वतःचा लांबलचक फोल्डर, त्यात माझं नाव, त्यात कंपनीचं नाव. निम्मी जागा यांनीच खायची आणि वर आम्हालाच "काहीतरी चुकलं"! चोराच्या उलट्या बोंबा.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे आपला 'ऱ'. हो, 'दुसऱ्या' आणि 'शेतकऱ्या'तला. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात जगभरची अक्षरं साठवायच्या पद्धतीत, हे अक्षर दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एक तर अखंड 'ऱ', नाहीतर साधा 'र' आणि त्याखाली वेगळा नुक्ता, म्हणजे टिंब. डोळ्याला दोन्ही सारखेच. जुन्या मॅकची फाइलव्यवस्था नाव सेव्ह करताना या अक्षराचे दोन तुकडे करून ठेवायची, विंडोज जसं टाइप केलं तसंच ठेवतं. परिणाम असा की 'दुसऱ्या फॉर्मची पानं' नावाच्या फायली फोल्डरात दोन! नाव तेच, आयकॉन तोच, मजकूर मात्र वेगळा. एकीत मुद्रितशोधक काकांनी तपासलेली पानं, दुसरीत न तपासलेली, असा आपला माझा समज.

तेवढ्यात काकांचाच फोन. "अगं, एकाच नावाच्या दोन फायली कशा काय? विंडोज तर असं करू देत नाही ना?"

"काका, तुम्ही ज्यात तुमच्या दुरुस्त्या दिसतायत ती धरा."

"दोन्हीत थोड्या थोड्या दिसतायत."

यावर मी काय बोलणार, कपाळ? बरं, हा काही असाध्य रोग नाही. नावं जुळवून बघण्याआधी ती एका साच्यात आणायची, एवढाच उपाय, आणि युनिकोडच्या नियमांतच तो लिहून ठेवलाय. पण त्यासाठी 'ऱ' नावाचं अक्षर जगात आहे आणि ते वापरणारे कोट्यवधी लोक आहेत, हे कुणाच्या तरी डोक्यात शिरायला हवं. मी रीतसर तक्रार पाठवली, स्क्रीनशॉट जोडून. उत्तर आलं, "कृपया फाइलचं नाव इंग्रजीत ठेवून पाहा." त्या दिवशी ऑफिसात मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वेगाबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलते. आमच्या अंकाची फाइल चित्रांसकट ४०० एमबी. अपलोडचा वेग १० एमबीपीएस (हे मेगाबिट, आणि आठ बिट मिळून एक बाइट), म्हणजे एकदा वर जायला पाच मिनिटांहून जास्त. ठीक आहे, मान्य. पण मी एक वेलांटी सुधारली आणि कंट्रोल-एस दाबलं, की पुन्हा अख्खे ४०० एमबी निघाले वर! एका वेलांटीसाठी! फाइलचा बदललेला तेवढाच तुकडा पाठवायची युक्ती आरसिंक नावाच्या फायली जुळवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये १९९६ सालापासून आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ती ऑस्ट्रेलियात लिहिली आणि जगाला फुकट देऊन टाकली. ड्रॉपबॉक्स तुकडेच पाठवतं. सिंकथिंग नावाचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे, तेही तुकडेच पाठवतं, वर कुठली फाइल अडकलीय तिचं नावही दाखवतं, आणि एक पैसा घेत नाही. मग आमच्या या पैसे घेणाऱ्या महाशयांना काय धाड भरलीय?

"मग तेच वापरा की," असं म्हणणारे निघतीलच. अहो, संपादक, जाहिरातवाले, चित्रकार, सगळे याच कंपनीच्या लिंका पाठवतात. मी एकटीने वेगळी चूल मांडून काय करू?

आणि दोन टेबलांमधली गंमत ऐका. माझा संगणक आणि सहकाऱ्याचा संगणक यांत चार फुटांचं अंतर, दोन्ही एकाच राउटरवर. माझी फाइल मात्र आधी कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरवर जाणार, तिथून परत आमच्या पेठेत येणार, मग चार फुटांवर पोचणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा! शेवटी आम्ही पेनड्राइव्हच देतो एकमेकांच्या हातात.

अजून एक. आम्ही पानं लावतो त्या इनडिझाइनमध्ये फाइल उघडली की शेजारी एक छोटी कुलपाची फाइल तयार होते, .आयडीएलके नावाची. काम संपलं की ती आपोआप जाते. हिला सिंक करायचं काहीच कारण नाही. पण हे तत्परतेने पहिल्यांदा तीच वर पाठवणार! मध्येच लाइट गेली की ते कुलूप तसंच राहतं, आणि पलीकडच्या टेबलावर इनडिझाइन म्हणतं, ही फाइल दुसरं कोणीतरी वापरतंय. कोणी नाही रे बाबा, महावितरण वापरतंय! अमुक प्रकारच्या फायली सोडून दे, असं सांगायची एक साधी यादी हवी. किती वर्षं लोक मागतायत. उत्तर ठरलेलं, "तुमची सूचना आमच्या टीमपर्यंत पोचवली आहे." ती टीम कुठल्या गुहेत तपश्चर्येला बसलीय कोण जाणे.

त्यात एका अपडेटने मला न विचारता 'जागा वाचवा' सुरू करून टाकलं. म्हणजे फायली संगणकावर दिसतात, पण असतात वर ढगात. मला याचा पत्ता लागला तो थेट छापखान्यात. लॅपटॉप उघडला, फाइल दिसतेय, नाव दिसतंय, आकारही दिसतोय. डबल क्लिक केलं तर ढगाचं चित्र आणि "इंटरनेट तपासा". छापखान्याच्या त्या तळघरात मोबाइलला रेंज येत नाही, वायफाय कसलं येतंय! प्लेटवाला माझ्याकडे बघतोय, मशिनवाला त्याच्याकडे बघतोय, आणि मी जिना चढून रस्त्यावर, हॉटस्पॉट लावून, चहाच्या टपरीशेजारी ४०० एमबी उतरवत उभी. माझ्याच संगणकावरची माझीच फाइल!

हे सगळं मागून मिळालं काय? परवाच्या अपडेटमध्ये एक चमचमणारं बटण आलंय. "तुमच्या फायलींचा एआय सारांश मिळवा." कथा विभागाचा सारांश? मला? मी ती कथा चारदा वाचलीय, काकांनी सहादा वाचलीय, लेखकाने वाचली असेल तर त्याची त्याला माहीत. भीक नको पण कुत्रं आवर अशी गत झालीय. सारांश नको, अडकलेल्या फाइलचं नाव द्या. 'ऱ' ओळखायला शिका. वेलांटीपुरती वेलांटी पाठवा. माझ्या सेटिंगला हात लावण्याआधी विचारा.

आणि ते मोठा प्लॅन घ्या म्हणून दर दोन दिवसांनी काम करताना मध्येच डोकं वर काढणारं खोकं. त्यावर दोन बटणं, 'आता घ्या' आणि 'नंतर आठवण करा'. 'नको' म्हणायची सोयच ठेवलेली नाही. अरे, तिसरं बटण टाकायला पण टीमला विचारावं लागतं का?