पक्याचं तोंड आणि पाच हजारांच्या सुया

पक्या मास्क लावून आला तेव्हाच शंका आली. कोविडात दंड भरला, पण ह्या माणसानं नाक झाकलं नव्हतं. आणि आता एप्रिलच्या उकाड्यात, सांगलीत, आमच्या कट्ट्यावर (म्हणजे बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या तीन पायऱ्या) तो डोळ्यांखालपर्यंत मास्क ओढून बसलेला.

"खाली घे," सुन्या म्हणाला.

"ॲलर्जी आहे."

"कशाची?"

"मास्क काढायची."

पण चहा आला, आणि मास्कमधून चहा पिता येत नाही. दाढी गायब! वीस वर्षांत पहिल्यांदाच आम्ही पक्याचे गाल बघत होतो. वेल्डिंगच्या आर्कसमोर उघडं तोंड धरल्यासारखे लालभडक. त्यावर बारीक ठिपके, आणि ठिपक्यांच्या मध्ये कॉलेजातल्या मुरमांचे तेच जुने खड्डे.

चार-पाच मिनिटं हसण्यात गेली. मग पक्यानंच सगळं सांगितलं. मायक्रोनीडलिंग. आधी बधिर करायचं मलम लावून पाऊण तास बसवलं, मग सुयांचं पेन गालावर फिरवलं. सुई दीड मिलिमीटर. थोडं रक्त आलं. अशा चार सिटिंग, दोन सिटिंगमध्ये पाच आठवड्यांचं अंतर, एका सिटिंगला पाच हजार.

सुन्या विम्याचा एजंट. रकमेचा आकडा ऐकला की त्याचं डोकं चालू होतं. "म्हणजे भोसकायचे पाच हजार, आणि भरून काढायचं काम तुझ्याच अंगानं फुकटात करायचं. स्वतःचीच सुपारी दिलीस की रे!"

मला वाटलं रव्या भडकणार. रव्या अठरा वर्षं त्वचारोगाच्या औषधांचा एमआर आहे, म्हणजे कंपनीची औषधं डॉक्टरांपुढं मांडणारा, ह्या धंद्यावर त्याचं घर चालतं. पण तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं. क्लिनिक बरं करत नाही, जखम करतं. बरा पक्याच होतोय. आत्ता, चहा पिता पिता."

मग तो सुरू झाला. सुई टोचली, रक्त आलं, की प्लेटलेट्स तिथं गोळा होतात, भोक बुजवतात आणि बाकीच्यांना बोलावणं धाडतात. पहिले एक-दोन दिवस पांढऱ्या पेशी येऊन साफसफाई करतात, लाली त्याचीच. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजन, म्हणजे कातडीला ताकद देणारे धागे, विणायला लागतात. आधी विणतात ते तिसऱ्या प्रकारचं, बारीक धाग्यांचं, घाईचं काम. नंतर काही महिने ते काढून त्याजागी पहिल्या प्रकारचं, जाड आणि मजबूत घालत राहतात.

"आधी टॅक, म्हणजे कच्चा टाका, मग फुल वेल्डिंग," पक्या म्हणाला.

"हां. म्हणून आज उद्या आरशात बघू नकोस. काय दिसेल ती सूज असेल. खड्डे भरल्यासारखे वाटतील आणि चार दिवसांनी परत दिसतील."

सुन्यानं इथं खरा मुद्दा काढला. "मला एक सांग. मुरूम बरा झाला तेव्हाही अंगानंच भरून काढलं ना? मग तेव्हा खड्डा का ठेवला? त्याच गवंड्याला परत बोलावून परत काम द्यायचं?"

रव्यानं कप खाली ठेवला. मुरूम आत फुटला की आग आठवडेच्या आठवडे धुमसत राहते. साफसफाईला आलेल्या पेशींची रसायनं पू खातात तसं आजूबाजूचं चांगलं कोलॅजनही खातात. नंतर जे भरतं ते कमी भरतं, आणि कधीकधी वरच्या कातडीला खालून दोरीनं बांधल्यासारखं आत ओढून धरतं. सुईचं भोक बारीक, वरची कातडी जवळजवळ शाबूत, त्यामुळे ते पटकन मिटतं. दुरुस्तीची ऑर्डर निघते, पण आग फार दिवस राहत नाही. गवंडी तोच, ह्या वेळी घर जळत नसताना आलेला.

"आमचं गर्डलिंग असतंय तसं," नंदू म्हणाला. नंदूची तासगावकडं द्राक्षबाग. खरड छाटणी उरकून आला होता, हात काळे. "खोडाची साल काढायची, चार-पाच मिलिमीटरची रिंग. पानात झालेली साखर खाली मुळाकडं जात न्हाई, मणी फुगतोय. पण चाकू लाकडात घुसला की झाड गेलं. आन् रिंग परत भरून बी आली पायजे, न्हाईतर मुळं उपाशी."

"चूक," सुन्या म्हणाला. "तुझा फायदा जखम उघडी असेपर्यंत. पक्याचा फायदा ती मिटल्यावर."

"ऱ्हाऊ दे की. मी खोलीचं बोलतोय. कोण बी चाकू धरंल, किती दाबायचा ते कळाय पायजे."

पक्यानं बाही वर केली. कोपराखाली जुना भाजल्याचा डाग, गुळगुळीत, चकाकणारा, एक केस नाही. रव्यानं त्यावर बोट ठेवलं. वरवरची जखम झाली की नवी कातडी कडेनं येते तशी केसांच्या मुळांतूनही वर येते. चेहऱ्यावर ही मुळं आणि तेलाच्या ग्रंथी दाटीनं असतात, म्हणून चेहरा लवकर भरतो. भाजताना मुळंच जळाली की कातडीला फक्त कडेनं सरकत यावं लागतं, खाली जाड व्रण होतो. असा व्रण कितीही जुना झाला तरी मूळ कातडीच्या फार तर ८० टक्के ताकदीपर्यंत पोचतो.

"म्हणजे पाच हजार टोचायचे नाहीत. कुठं थांबायचं त्याचे," पक्या म्हणाला. साहजिक आहे, पैसे त्याचे गेले होते.

सुन्या ऐकेना. मोबाइलवर त्यानं २९९ रुपयांचा रोलर शोधून दाखवला. "हा घरी फिरवतो. अंग तेच, सुई तीच."

"सुई पाव मिलिमीटरची. ती खड्ड्यापर्यंत जातच नाही. आणि लांब सुईचा मागवलास तर ती निर्जंतुक कोण करणार, वहिनी कुकरमध्ये?" मग रव्यानं अमेरिकेतली गोष्ट सांगितली. न्यू मेक्सिकोतल्या एका विनापरवाना स्पामध्ये गिऱ्हाईकाचंच रक्त वापरून असं फेशियल करायचे. तिथं गेलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेनं २०२४ मध्ये जाहीर केलं. दुसरीकडं कुणी सुया मारल्यावर व्हिटॅमिन सीचं सिरम चोळलं, तर चेहऱ्यावर गाठी उठल्या. वर लावायची वस्तू आत गेली की अंग तिला शत्रू समजतं. पक्या घरी जाऊन हळद लावणार होता, तो बेत तिथंच रद्द झाला.

ह्या सगळ्याची सुरुवात कशी झाली, हे सांगताना तर रव्याला चेवच आला. कॅनडात मॉन्ट्रियलच्या दोन डॉक्टरांनी ऑपरेशनचे व्रण झाकायला त्यात कातडीच्या रंगाचं गोंदण केलं. वर्ष-दोन वर्षांत रंग फिका पडला, पण व्रण मात्र सुधारले होते. काम सुईनं केलं होतं! १९९७ मध्ये त्यांनी ते छापलं, बिनशाईचं गोंदण. पुढं दक्षिण आफ्रिकेतल्या डेसमंड फर्नांडिस ह्या प्लास्टिक सर्जननं त्याचा रोलर केला. २००४ मध्ये बॉस्टनच्या मंडळींनी अशीच कल्पना लेझरमध्ये आणली: पूर्ण कातडी सोलायची नाही, चाळणीसारखी बारीक भोकं पाडायची आणि मधली कातडी दुरुस्तीला शिल्लक ठेवायची. पण लेझरच्या उष्णतेनं आपल्या सावळ्या कातडीतल्या रंगपेशी बिथरू शकतात, काळे डाग राहतात. त्या मानानं सुई बरी. "पण उन्हात फिरलास तर सुईनंही डाग पडतील. एप्रिलात कुणी करतं का हे, बावळटा?" पक्याचा मास्क परत वर गेला.

"मग मी पण करतो," नंदू म्हणाला.

"तू नाही." रव्यानं त्याची कॉलर बाजूला सारली. खांद्यावर लहानपणच्या लशीच्या जागी लालसर जाड गाठ. लस मुगाएवढी, गाठ बोराएवढी. ह्याला केलॉइड म्हणतात. दुरुस्ती सुरू झाली ती थांबलीच नाही, जखमेची हद्द ओलांडून पसरली. छाती, खांदा, कानाची पाळी ह्या त्याच्या आवडत्या जागा. अशा माणसाच्या अंगात 'भरून काढ' म्हणून ऑर्डर देताना दहादा विचार करावा लागतो.

"आणि माझी ट्यूब?" सुन्यानं हळूच विचारलं. गोरेपणाची ट्यूब, मेडिकलवाल्यानं दिलेली. आम्हाला हे नवीन होतं. रव्यानं डोक्याला हात लावला. त्यात स्टिरॉइड असतं. ते दुरुस्ती सुरू करत नाही, तिचं तोंड दाबतं. चार दिवस चेहरा तुकतुकीत, चार महिन्यांत कातडी कागदासारखी पातळ. "आमच्याच धंद्यातल्यांनी खपवली," तो म्हणाला, आणि थोडा वेळ गप्प बसला. सुन्यालाही त्यावर काही टोला सुचला नाही. ट्यूब एकदम बंद करू नकोस, आधी कातडीच्या डॉक्टरला दाखव, एवढं मात्र रव्यानं त्याला दोनदा बजावलं.

मी मास्तर, त्यामुळे इतिहास माझ्याकडं. इंग्रज दर्यासारंग जॉर्ज ॲन्सन १७४० मध्ये जगप्रदक्षिणेला निघाला. जहाजावर स्कर्व्ही पसरला, तेव्हा एका सैनिकाच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या लढाईतल्या जखमा परत उघडल्या, जणू कधी भरल्याच नव्हत्या. व्रणातलं कोलॅजन सतत मोडतं आणि सतत नव्यानं घडतं. घडवायला व्हिटॅमिन सी लागतं. ते संपलं, मोडणं चालू राहिलं.

"म्हंजे ही माझी गाठ रोज नवी होतीय?" नंदू खांदा चाचपत म्हणाला.

"रोज."

"मायला."

सुन्या तरी हरला नव्हता. त्यानं पैज लावली: दिवाळीपर्यंत खड्डे आहेत तसेच राहणार, एक भेळ प्रत्येकी. रव्यानं लगेच पक्याचा फोटो काढायला मोबाइल वर केला, फ्लॅशसकट.

"फ्लॅश बंद," सुन्या म्हणाला. "मी पण जाहिराती बघतो. खड्डा म्हणजे सावली. आधीचा फोटो बाजूच्या उजेडात, नंतरचा समोरच्या फ्लॅशमध्ये. खड्डे गेले! ते चालणार नाही."

रव्या पहिल्यांदाच निरुत्तर झाला. मग पक्याला वरून दुसऱ्या पायरीवर बसवलं, डावा गाल पानटपरीच्या ट्यूबलाइटकडं, हनुवटी सरळ. बाजूच्या उजेडात एकूण एक खड्डा दिसत होता. सुन्यानं पायरीवर विटेच्या तुकड्यानं खूण केली आणि टपरीवाल्याला बजावलं, दिवाळीपर्यंत ती ट्यूब बदलायची नाही.