भाईंचं तोंड दाखवलं, म्हणणं नाही

आज १९ डिसेंबर. संध्याकाळी एका राष्ट्रीय हिंदी चॅनलवर गोव्यावर अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागला. खाली मोठी पट्टी, ‘क्या गोवा आज भी दिल से पुर्तगाली है?’ मुक्तिदिनी! १९६१ मध्ये याच तारखेला गोवा पोर्तुगीजांच्या राज्यातून सुटला. सकाळी आम्ही पत्रादेवीला, गोव्याच्या सीमेवरच्या आमच्या पेडणे तालुक्यातल्या गावी, हुतात्मा स्मारकावर फुलं वाहून आलो आणि त्याच दिवशी रात्री जेवायच्या आधी मला माझ्या घरात बसून हे ऐकावं लागतं. तीन पाहुणे बोलावले होते, तिघेही बाहेरून येऊन इथे घर घेतलेले. त्यांनी बोलू नये असं माझं म्हणणं नाही. पण पेडण्याचं, सत्तरीचं, काणकोणचं एकही माणूस नको? मागे लाटा, गिटार, दारूचे ग्लास. मी टीव्ही बंद केला आणि लिहायला बसले. पोस्ट लांबणार आहे.

चॅनलवाल्यांचा अनुभव आमच्या घराने घेतलेला आहे म्हणून जास्त लागलं.

वडलांना आम्ही भाई म्हणतो. २०२१ साली मुक्तीला साठ वर्षं झाली, पंतप्रधान पणजीत येणार होते, आठवडाभर जिकडेतिकडे कॅमेरे. कुणीतरी नाव सुचवलं आणि एक टीम भाईंना भेटायला आमच्या घरी आली. कुठलं चॅनल ते लिहीत नाही, कारण बाकीचे वेगळे वागले असते असं मला वाटत नाही. भाईंनी इस्त्रीचा सदरा घातला, दाढी केली, सोप्यावर येऊन बसले. टीमला आधी आमचं घरच पसंत पडेना. ‘यहाँ आसपास कोई पुर्तगाली टाइप घर है क्या?’ असं त्या मुलीने मला विचारलं. पेडण्यात मातीच्या भिंतीचं, मंगळुरी कौलांचं, दारात तुळस असलेलं घर तिला गोव्याचं वाटत नव्हतं. शेवटी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर काढायला लावून तिथेच शूटिंग केलं.

भाई बोलले. मन लावून बोलले. १५ ऑगस्ट १९५५ ला ते शाळकरी पोर होते. भारतभरातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही त्या दिवशी ठिकठिकाणच्या सीमांवरून गोव्यात शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसं गेली. पत्रादेवीला कर्नेलसिंग बेनिपाल पडला, पंजाबातल्या इसरू गावचा, ऐन पंचविशीतला. आजोबांनी भाईंना घराबाहेर पडू दिलं नव्हतं, पण आवाज ऐकू आले. पुढे गुरं घेऊन गेले तेव्हा वाटेत झुडपात कुणाची तरी एक चप्पल पडलेली दिसली, अंगठा तुटलेली. एकच. भाईंनी ती उचलली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही, पोलीस घरी येतील या भीतीने. हे सांगताना भाई थांबले. आणि त्या थांबण्यात, मी तिथेच उभी होते म्हणून छातीठोकपणे सांगते, ती मुलगी म्हणाली, ‘अच्छा दादाजी, पुर्तगालियों के टाइम में गाना-बजाना खूब होता था ना?’

भाई हसले. घरी आलेल्या माणसाला उलट बोलायचं नाही, ही त्यांची रीत. हातात चहाचा ग्लास होता.

टीव्हीवर काय आलं? भाई हसताहेत, हातात ग्लास, मागून गिटार, आणि निवेदिका सांगतेय की इथले बुजुर्ग आजही त्या निवांत दिवसांच्या आठवणीत रमतात. बस्स. पत्रादेवी नाही, कर्नेलसिंग नाही, चप्पल नाही. भाई टीव्हीसमोर बसले होते, शेजारचेही आले होते. ते एवढंच म्हणाले, ‘हें हांवें खंय सांगिल्लें?’ (हे मी कुठे सांगितलं होतं?) आणि उठून आत गेले. ज्या माणसाने आयुष्यात दारूला हात लावला नाही त्याच्या हातातल्या चहाचं देशभरात काय झालं असेल, तुम्हीच बघा.

वेळ कमी असतो, चोवीस तास काहीतरी दाखवावं लागतं, मान्य. पण एवढ्या वेळात तुम्ही नेमकं काय उचलता, त्यावरच देशभरातली माणसं आम्हाला ओळखतात ना!

आणि ते ‘साढ़े चार सौ साल’! गोव्यावर एवढी वर्षं पोर्तुगीज राज्य होतं, असं प्रत्येक अँकर घोकतो. अरे, १५१० पासून त्यांच्याकडे होती ती फक्त तिसवाडी, म्हणजे पणजीच्या आसपासचा तालुका. त्यानंतर बार्देस आणि सासष्टी. पेडणे पोर्तुगीजांकडे गेलं १७८८ मध्ये, सावंतवाडीकरांकडून. आमच्या तालुक्यावर त्यांचं राज्य होतं १७३ वर्षं. डिचोली, सत्तरी, फोंडा, केपे, सांगे, काणकोण, हा सगळा मुलूख अठराव्या शतकातच त्यांच्या हाती गेला, आणि तोही निमूटपणे राहिला नाही. सत्तरीत दिपाजी राण्यांनी १८५२ मध्ये नाणूसचा किल्ला घेऊन बंड केलं. निम्म्याहून जास्त गोवा ज्या गोष्टीत बसत नाही, ती गोष्ट पूर्ण गोव्याची म्हणून सांगतात, आणि शाळेतली आमची मुलंही आता तीच बोलायला लागलीत. माझ्या भाच्याने मला परवा विचारलं, आपलं आडनाव पोर्तुगीज नाही तर आपण इथे कधी आलो?

हे ऐकून मला जे झालं ते इथे लिहिता येणार नाही.

त्या पट्टीतला खरा टोमणा कुणाला होता तेही आपल्याला कळतं. आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना. त्याचा मला जास्त संताप आला. गोव्याच्या मुक्तीसाठी लढणारे ख्रिस्ती थोडे होते का? त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांना १९४६ मध्ये पकडून पोर्तुगालला किल्ल्यात नेऊन डांबलं. तेलो मास्कारेन्हास तर गोवा मुक्त झाल्यावरही १९७० पर्यंत तिकडच्या तुरुंगात होते. आणि लिबिया लोबो! वामन सरदेसाई आणि त्या, दोघांनी १९५५ पासून १९६१ पर्यंत सीमेपलीकडच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवला, कोंकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. गोव्यात तेव्हा पेपरात छापायचा शब्दन् शब्द सेन्सॉरच्या हाताखालून जायचा. माणसांना खरी बातमी मिळायची ती या दोघांच्या आवाजातून. १९ डिसेंबरला त्यांनी विमानातून गोव्यावर फिरून लाउडस्पीकरवर सांगितलं की तुम्ही मुक्त झालात. शंभरी गाठलेल्या या बाईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. बातमीदारी माणसाला देशाशी कशी जोडते त्याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही. आणि आज त्याच तारखेला, त्यांच्याच लोकांना तुम्ही विचारता की मनाने कुठले?

पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन गेलेले पुष्कळ आहेत, हो, आहेत. लंडनला नोकरीसाठी गेलेत. पंजाबातून कॅनडाला जाणाऱ्यांना हा प्रश्न कुणी विचारतं का?

आता आपल्या मराठी चॅनलांचं. मुंबईहून चालणारी ही चॅनल्स आमच्या घरात दिवसभर सुरू असतात, भाईंना दुसरं काही लागत नाही. त्यांना गोवा कधी दिसला? जून २०२२ मध्ये, शिवसेनेचे बंडखोर आमदार गुवाहाटीहून पणजीजवळच्या दोनापावलाच्या हॉटेलात आले तेव्हा. ओबी व्हॅनची रांग. रात्रंदिवस गेट दाखवत होते. एवढे मराठी पत्रकार एकाच वेळी गोव्यात, आणि इथे गावोगावी जत्रेला मराठी नाटक होतं, मराठी पेपर वाचूनच सकाळ होते, यातलं काही त्यांच्या कॅमेऱ्यात आलं नाही. आमदार गेले, तेही गेले. त्यांच्या लेखी आम्ही सुट्टीतला पिकनिक स्पॉट.

आणि इथल्या इथे मराठीचं नाव काढलं की काही लोक लगेच विलीनीकरणवादी म्हणून बोट दाखवतात. पोर्टलच्या कमेंट्समध्ये तर विचारूच नका, ‘महाराष्ट्रात जा’ ठरलेलं. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा, यावर १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला, त्याची आमच्या घरातली गोष्ट ऐका. आजोबा फूल या निशाणीचे, म्हणजे विलीनीकरणाचे. त्यांचा सख्खा भाऊ दोन पानांचा, म्हणजे वेगळ्या गोव्याचा. आजोबा ‘गोमन्तक’ वाचायचे आणि त्यांचा भाऊ ‘राष्ट्रमत’. दोघे सोप्यावर बसून एकमेकांना अग्रलेख वाचून दाखवायचे, आवाज चढायचे, आजी आतून ओरडायची. दोन्ही पेपर मराठीच! विलीनीकरणाविरुद्ध उदय भेंब्रे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहायचे तेही मराठीतच. ३४,०२१ मतांनी दोन पानं जिंकली, आजोबा हरले, दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ एकत्र जेवले. गोवा वेगळा राहावा हे मराठी वाचणाऱ्यांनीही ठरवलं होतं. घरात कोंकणी बोलायची आणि लिहायचं-वाचायचं मराठीत, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्यात कुणाशी बेइमानी नाही. मला गोंयकारपण, म्हणजे मी गोव्याची आहे हे, सिद्ध करायला कुणाच्या दारात जायचं नाही.

आता जे लिहिणार आहे ते माझ्या यादीतल्या काही जणांना आवडणार नाही. तरी लिहिते.

आपली स्थानिक पोर्टल्स काय वेगळं करताहेत? अपघात झाला, चोरी झाली, की मथळ्यात पहिला शब्द ‘परप्रांतीय’. चोर गावातला निघाला तर नुसता ‘युवक’. पत्रादेवीच्या चेकनाक्यावर कुणी पोरगा मोबाईल घेऊन लाइव्ह जातो, पंजाबच्या नंबरचा ट्रक दाखवतो, खाली चारशे कमेंट्स, ‘भायल्यांनी गोंय सोंपयलें’ (बाहेरच्यांनी गोवा संपवला). त्याच पत्रादेवीला! पंजाबातून आलेला कर्नेलसिंग जिथे झेंडा घेऊन पुढे गेला आणि पडला तिथे! आज तो त्याच वाटेने पायी आला असता तर आपण त्याच्यावर मथळा काय दिला असता?

जमिनी जाताहेत, डोंगर कापले जाताहेत, गावात आपली माणसं कमी होताहेत, ती भीती खरी आहे. मलाही आहे. मोप्याला विमानतळ झाल्यापासून पेडण्यात काय चाललंय ते मी रोज बघते. पण डोंगर विकत घेणारा कुठे आणि ट्रक चालवणारा किंवा नारळाची झाडं चढणारा कुठे? शब्द मात्र दोघांना एकच, आणि शिव्या खातो तो गरीबच, कारण कॅमेरा घेऊन त्याच्या तोंडासमोर जाता येतं.

सगळे पत्रकार असे नाहीत. आमच्या तालुक्याचा मराठी पेपरचा वार्ताहर आहे, स्कूटरवरून फिरतो, जत्रेपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं देतो. भाईंची पूर्ण मुलाखत त्यानेच छापली होती, चपलेसकट. ते कात्रण भाईंनी कपाटात ठेवलंय. टीव्हीवर आलेल्या त्या कार्यक्रमाचं मात्र नावसुद्धा काढत नाहीत.

लिहिताना राग जरा उतरला. मघाशी भाईंना विचारलं, पुन्हा कुणी चॅनलवाले आले तर बोलाल? मला वाटलं नाही म्हणतील. म्हणाले, बोलेन, पण सोप्यावर नाही, पत्रादेवीला नेऊन बोलेन. मोप्याहून मोरजीला जाण्यापेक्षा पत्रादेवी लांब नाही, त्यांना सांग.

तर मी असं ठरवलंय. चॅनलची वाट बघायची नाही. या रविवारी भाईंना पत्रादेवीला घेऊन जाते आणि फोनवर सगळं रेकॉर्ड करते, एक वाक्यही न कापता. ते त्यांच्या पेडणेकारी कोंकणीत बोलतील, मी खाली मराठी देईन. ज्यांच्या घरी १९५५ किंवा १९६१ बघितलेलं कुणी आहे, पेडणे, डिचोली, सत्तरी, दोडामार्ग, बांदा, कुठेही, हिंदू असो ख्रिस्ती असो मुसलमान असो, त्यांनी मला इनबॉक्समध्ये लिहा. मी येते. सबटायटल करता येणारं कुणी असेल तर फार मदत होईल, मला ते जमत नाही. आणि माणूस ऐंशीच्या पुढचा असेल तर पुढच्या मुक्तिदिनापर्यंत थांबू नका, याच महिन्यात कळवा.