बॅकस्पेस बिघडला म्हणून 'टर्म' बदलू नका

लिनक्स नव्याने शिकणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, बॅकस्पेस दाबल्यावर ^एच किंवा वरचा बाण दाबल्यावर ^[[ए उमटलं, की कीबोर्डचा लेआउट चुकलाय, बॅशआरसीमध्ये (बॅश या शेलची, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामची, सेटिंगची फाइल) 'टर्म' या सेटिंगची किंमत एक्सटर्म-२५६कलर करा, खाली 'एसटीटीवाय इरेज'ची ओळ टाका (खोडायचा कोड कुठला ते ही ओळ ठरवते), झालं काम. या सल्ल्याने नवखी माणसं नाहक अडकतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

लेआउट चुकला असता तर अक्षरं बदलली असती. इनस्क्रिप्ट हा मराठी लेआउट चालू राहिला तर 'के'च्या जागी क उमटतो, बॅकस्पेस मात्र बॅकस्पेसच राहतो. खरी गडबड पुढे आहे. टर्मिनल प्रत्येक बटणासाठी ठरावीक बाइट, म्हणजे ठरावीक आकडे, पाठवतं. बॅकस्पेससाठी ८ पाठवायचा की १२७, हा घोळ जुन्या टर्मिनलांपासून चालत आलाय. डेक कंपनीचं व्हीटी२२० हे जुनं टर्मिनल १२७ पाठवायचं. एक बाजू ८ पाठवते, दुसरी १२७ची वाट बघते, आणि पडद्यावर कचरा दिसतो.

'टर्म' बदलल्याने टर्मिनल काय पाठवतं ते बदलत नाही. समोर कुठल्या जातीचं टर्मिनल आहे, एवढंच ते प्रोग्रामना सांगतं. ते बॅशआरसीत कायमचं ठोकलं, की टीमक्सच्या (एका टर्मिनलात अनेक सत्रं चालवणारा प्रोग्राम) आतही तेच लागू होतं. तिथे किंमत 'स्क्रीन' किंवा 'टीमक्स'ने सुरू होणारी हवी. ती तशी नसली, की आधी नीट चालणारी होम आणि एंड ही बटणंही बिघडतात.

'एसटीटीवाय इरेज' खोटं नाही, पण बॅशआरसीत आंधळेपणाने टाकायची गोष्ट नाही. इरेज ८ वर ठेवलात आणि उद्या १२७ पाठवणाऱ्या टर्मिनलमधून आलात, तर बॅशमध्ये काहीच जाणवणार नाही, कारण बॅश दोन्ही आकडे ओळखतो. पासवर्ड टाकताना मात्र फसाल. चुकलेलं अक्षर खोडायला बॅकस्पेस दाबाल, तर तो १२७ पासवर्डचाच भाग होईल, आणि पडद्यावर काही दिसतच नसल्याने पासवर्ड का नाकारला हे कळणारही नाही.

बाणाचा तर बॅकस्पेसशी संबंधच नाही. डेबियन किंवा उबुंटूवर 'यूजरॲड' या आज्ञेने नुसतं नाव देऊन खातं उघडलं, की सहसा शेल म्हणून 'एसएच' मिळतो, म्हणजे डॅश नावाचा साधा शेल. त्याला बाण कळत नाहीत. 'सीएचएसएच' या आज्ञेने शेल बॅश करा आणि पुन्हा लॉगिन व्हा.

आधी बघा, मग बदला. बॅशमध्ये कंट्रोल-व्ही दाबून लगेच बॅकस्पेस दाबा. ^? दिसलं तर १२७, ^एच दिसलं तर ८. मग 'एसटीटीवाय -ए' ही आज्ञा देऊन इरेजसमोर काय आहे ते पाहा. दोन्ही जुळत नसतील तर टर्मिनलच्या सेटिंगमध्ये दुरुस्त करा. पुटी या टर्मिनल प्रोग्राममध्ये कीबोर्डच्या पानावर यासाठी थेट पर्यायच आहे. कंट्रोल आणि डावा बाण मिळून शब्द ओलांडत नसतील तर याच युक्तीने येणारा कोड बघा आणि तो इनपुटआरसी या बटणांच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'बॅकवर्ड-वर्ड'ला, म्हणजे एक शब्द मागे जाण्याच्या क्रियेला, जोडा.