अर्थिंगला नाही, कानाला

तारेचे दागिने शिकवणाऱ्या व्हिडिओत हात दोनच दिसतात. एका हातात मणी, दुसऱ्यात गोल तोंडाची पक्कड. मग तारेच्या शेपटाला वेढे देणारा तिसरा हात कुणाचा, ते कॅमेरा दाखवत नाही. शिवाय त्या बाईंची नखं रंगवलेली असतात. तारेशी झटापट केलेल्या माणसाला नखं उरतात, यावर माझा आता विश्वास नाही.

तार आणायला तापकीर गल्ली गाठली. विजेच्या सामानासाठी पुण्यात दुसरीकडे कोण जातं!

"कुठली देऊ? वाइंडिंगची?"

"उघडी तांब्याची. २४ गेज."

"मॅडम, अर्थिंगला इतकी बारीक चालत नाही."

"अर्थिंगला नाही, कानाला."

दुकानदारांनी माझे दोन्ही कान नीट पाहिले आणि किलोचा भाव सांगितला. किलो! तेवढ्यात अख्ख्या पेठेच्या कानांची सोय झाली असती.

गेजचा हिशेबही उफराटा. आकडा वाढला की तार बारीक. २० गेजची मिलिमीटरला जराशी कमी, २८ची तिच्या निम्म्याहूनही बारीक. सांगाडा जाड तारेचा करायचा आणि वेढे बारीक तारेचे. मी तर मधलीच आणली होती. ती सांगाड्याला लेचीपेची आणि वेढ्यांना आडदांड.

तांबं मऊ असतं म्हणतात. असतं, पहिल्यांदा वाकवेपर्यंत. वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा. दरवेळी ते आतून कडक होत जातं. म्हणजे आपला हात वळायला लागेतो तार हट्टाला पेटलेली असते आणि कडी एकदाची मनासारखी गोल झाली की नेमकी मानेशी तुटते. उपाय आहे: गॅसवर मंद लाल होईस्तोवर तापवायची आणि पाण्यात टाकायची. पोलाद असं बुडवलं की कडक होतं, तांबं मऊच राहतं. फक्त वर काळं पुट चढतं. ते घालवायला चिंच.

"आज आमटीत चिंच नाही वाटतं?" सासूबाईंनी विचारलं.

"कानातल्यात गेली."

एक कानातलं कुणालाही जमेल. खरी परीक्षा दुसऱ्याची. पकडीचं तोंड निमुळतं, त्यामुळे टोकाशी वळवलं तर कडी इवलीशी, मुळाशी वळवलं तर बांगडी व्हायची बाकी. जाणकार जबड्यावर मार्करने रेघ मारून ठेवतात. मीही मारली. तरी माझी जोडी सख्ख्या जावांसारखी निघाली, एकाच घरातल्या आणि एकमेकींशी मुळीच न जमणाऱ्या. तारेचं तोडलेलं टोक उडतं ते वेगळंच. ते आपल्याला सापडत नाही. आपण त्याला सापडतो, पहाटे, अनवाणी.

हे सगळं पाहून सासूबाईंनी आपली लग्नातली नथ डबीतून काढली. "पुढून नको, मागून बघ." मोत्यांतून गेलेली बारीक सोन्याची तार, वेढ्याला खेटून वेढा, आणि टोक शोधून सापडेना. नाकाशी टेकणारी वस्तू. टोक बाहेर ठेवून कारागिराला भागलंच नसतं. मी हात पुढे केला तशी डबी मिटली.

सोसायटीत मात्र बातमी पसरली, ती माझ्या दागिन्यांची नव्हे, पकडीची. एकीच्या पर्सची साखळी आली, मग छत्रीची काडी, मग तळमजल्यावरच्या काकू कढईचं झाकण घेऊन आल्या. मूठ गदगदा हलत होती. उरलेल्या तारेने मी ती आवळली. कुणी बघत नव्हतं, जोडी लावायची नव्हती. वेढे कसे एकसारखे, चपखल बसले! टोकही आत गेलं.

काकूंनी झाकण खालीवर करून पाहिलं, मुठीवरून बोट फिरवलं.

"सुरेख गं! आता कुकरच्या कानाचंही बघ ना जरा."