पीआयपीचं नाव काढलं आणि इंटरव्ह्यू आटोपला

माझ्या मामेबहिणीला आज हिंजवडीतल्या एका कंपनीने 'कळवतो' म्हणून वाटेला लावलं. टेक्निकल राउंड छान झाला होता. मग एचआरने विचारलं, आधीची नोकरी का सोडली? हिने खरं ते सांगितलं. सॉफ्टवेअर हाताने तपासायच्या मॅन्युअल टेस्टिंगमधून उचलून प्रोग्राम लिहून तपासायच्या ऑटोमेशनवर टाकलं, त्यासाठीचं सेलेनियम हे टूल येत नव्हतं, काम मागे पडलं, पीआयपी लागला, म्हणजे ठरल्या मुदतीत काम सुधारून दाखवायची ताकीद मिळाली. पुढे सांगायचं होतं की मग शिकले, पीआयपी पूर्ण केला, तरी रेटिंग तळालाच राहिलं म्हणून राजीनामा दिला. ते ऐकायला समोरच्या बाई थांबल्याच नाहीत.

त्या बाईंपेक्षाही मला राग आलाय तो संध्याकाळच्या फोनांचा. 'कशाला बोललीस? बेटर अपॉर्च्युनिटी म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.' सगळे आपलेच लोक! घरात पोरं खोटं बोलली की हेच डोळे वटारतात.

आणि पीआयपी म्हणजे काय ब्रह्मवाक्य आहे? बेल कर्व्ह, म्हणजे किती जणांना कुठलं रेटिंग द्यायचं याची आधीच ठरलेली वाटणी, जुळवायला टीममधल्या कुणाला तरी खाली ढकलावं लागतं, हे आपल्यातल्या प्रत्येक लीडला ठाऊक आहे. जीई या अमेरिकन कंपनीत तिचे तेव्हाचे प्रमुख जॅक वेल्च यांनी दरवर्षी तळाच्या १० टक्क्यांना बाहेर काढायची रीत रुजवली. मायक्रोसॉफ्टने तर असली क्रमवारी २०१३ मध्ये बंदही केली. आपल्याकडे अजून त्यावरून माणसाची लायकी काढतात.

कंपनीला माणूस पारखून घ्यावा लागतो, मान्य. जुन्या मॅनेजरच्या नावाने खडे फोडत बसणाऱ्याला मीही घेणार नाही. पण हिने कुणालाच नावं ठेवली नाहीत. रिलीव्हिंग लेटरवर पीआयपी लिहिलेला नसतो, पीएफच्या नोंदीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते, पीआयपी नाही. लपवलं असतं तर बहुतेक खपून गेलं असतं. तरी ती बोलली! अशा मुलीला नाकारून तुम्ही घेणार कुणाला? सफाईने लपवणाऱ्याला?

मघाशी तिने विचारलं, "ताई, पुढच्या वेळी गाळू का गं?" मला भरूनच आलं. म्हटलं, आपणहून पाढा वाचू नकोस, पण विचारलं तर हेच सांग. फक्त आधी सेलेनियममध्ये काय काय लिहिलंस ते दाखव, मग पीआयपीचं दोन वाक्यांत उरक.

पॅनेलवर बसणारे माझ्या यादीत बरेच आहात. समोरचा असं काही सांगू लागला तर 'मग तुम्ही काय केलंत?' एवढं तरी विचारा. आणि टेस्टिंगची जागा असेल तर मला मेसेज करा, तिचा रेझ्युमे लगेच पाठवते.