चाहूल हा प्रत्यय असू शकतो!

तुमच्या लेखात म्हटलंय की ग्रीनलँडिकमध्ये, म्हणजे ग्रीनलँडच्या भाषेत, आवाजांसाठी भरमसाट वेगवेगळे शब्द आहेत, हे मला पटलं नाही. ते सुटे शब्द नाहीयेत हो, मूळ छोटंसंच आणि त्याला प्रत्यय लागत जातात. निपि म्हणजे आवाज, त्यावरून निपितुवोक म्हणजे आवाज मोठा आहे, निपिकिप्पोक म्हणजे बारीक आहे, आणि निपिलेर्सोर्नेक म्हणजे चक्क संगीत! आपल्याकडेही कडकडाट, खळखळाट असं 'आट' लावून होतं, पण आपला आट बसतो तो बहुतेक कडकड, खळखळ, झगमग अशा दुहेरी शब्दांवर, हव्या त्या क्रियापदाला तो लावता येत नाही.

खरी गंमत लेखात आलीच नाहीये, ती म्हणजे पालुप हा प्रत्यय. तो क्रियापदाला लागला की अर्थ होतो साधारण 'तसं ऐकू येतंय' किंवा 'तसं दिसतंय', म्हणजे उदाहरणार्थ एखादा येतोय हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही, आवाजावरून कळलं, हे त्या एकाच शब्दात येऊ शकतं. हे वाचलं तेव्हा मला आई आठवली, लाईट गेलेले असायचे आणि फाटकाची कडी वाजली की ती आतून म्हणायची "बाबा आले वाटतं". आता हे 'वाटतं' ऐकून आहे की नुसता अंदाज आहे ते वाक्यावरून कळत नाही, ते त्या घरात असणाऱ्यालाच कळणार. चाहूल हा किती सुंदर शब्द आहे आपला, पण तो वेगळा वापरावा लागतो, आणि त्यांच्याकडे ती चाहूल क्रियापदातच शिवलेली आहे. लेखकांनी यावर नक्की लिहावं, प्लीज.