दहा सभासद आणि बंद आकाश

रविवारी सकाळी इंदूरला फोन लावला की रामबागेतल्या आमच्या घरी पोहे-जिलबी चाललेली असते आणि तोंडी लावायला जगाचं राजकारण. परवा पानात होती शांघाय सहकार्य संघटना, म्हणजे चीन, रशिया, मध्य आशियातले देश, भारत, पाकिस्तान वगैरेंचा गट. काकांचं म्हणणं, चीन-पाकिस्तानच्या पंक्तीला बसायचंच कशाला, उठून यावं. धाकटा चुलतभाऊ म्हणतो, उलट अजून देश घ्या, पश्चिमेला शह बसेल. "भिया, तू तर तिथेच आहेस, तूच सांग!"

मी उझबेकिस्तानात ताश्कंदला इंदूरजवळच्या पिथमपूरची औषधं विकतो. संघटनेचं दहशतवादविरोधी केंद्र याच शहरात आहे, पण मला ती कळते खोक्यांवरून. दिल्लीहून इथवर विमानाने जेमतेम तीन तास. माझी खोकी मात्र मुंद्र्याहून जहाजाने इराणच्या बंदर अब्बासला उतरतात आणि तिथून ट्रकने तुर्कमेनिस्तान ओलांडून येतात. कोपरे दबलेले, वर फारसी शिक्का, त्याखाली रशियन लेबल, तळाशी पिथमपूरचा पत्ता. पाकिस्तानातून जवळचा रस्ता आहे, तो आपल्या मालाला बंद. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी आपल्या विमानांना आकाशही बंद केलं, मग आपणही त्यांच्या. आणि हे दोघेही २०१७ पासून एकाच संघटनेचे सभासद!

२००१ साली सहा देश होते. २०२३ मध्ये इराण, २०२४ मध्ये बेलारूस आला आणि दहा झाले. निर्णय मात्र एकमतानेच. म्हणून काकांचं मला पटत नाही. जून २०२५ मध्ये चीनमधल्या चिंगदाओला संरक्षणमंत्र्यांच्या बैठकीत पहलगाम हल्ल्याचा उल्लेख नाही म्हणून राजनाथ सिंहांनी सही नाकारली आणि संयुक्त निवेदनच निघालं नाही. सप्टेंबरमध्ये चीनमधल्याच तियानजिनच्या शिखर परिषदेच्या जाहीरनाम्यात पहलगामचा निषेध आला. बाहेर बसून हे झालं नसतं.

पण नकाराची ही किल्ली सगळ्यांच्याच खिशात आहे, हे धाकट्याला कोण सांगणार? अझरबैजानला पूर्ण सभासद व्हायचंय, आर्मेनियालाही. एक पाकिस्तानचा जिवलग, दुसऱ्याला आपण शस्त्रं विकतो. तियानजिनला दोघेही दाराबाहेरच राहिले आणि अझरबैजानी माध्यमांनी खापर भारतावर फोडलं. उद्या दोघांना आत घेतलं, तर भांडणाची आणखी एक जोडी येईल, माझ्या खोक्यांचा रस्ता तेवढाच लांब राहील. त्यापेक्षा आहेत त्या दहांनी एकमेकांचे ट्रक सोडावेत.

काकांना रतलामी शेव पाठवायला सांगितली आहे. कुणाच्या तरी बॅगेतून.